दिवड आणि अर्धा श्लोक

पणजी, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

गणपतीची चवथ आटपून मी परत आले त्याला बारा दिवस झाले. आपण रोज फोनवर बोलतो, पण हा विषय निघाला की बाबा, तुमचा आवाज चढतो, मला रडू येतं आणि आई फोन हातात घेऊन 'जेवलीस का' विचारते. म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, बाबांच्या डोळ्यांवर ताण आला तर तू वाचून दाखव, पण एका बैठकीत सगळं वाच. मध्येच ठेवून देऊ नकोस.

श्रावणात देवळातला सप्ताह उठला त्या सकाळी गावाने तुम्हांला मंडपात चार शब्द बोलायला उभं केलं. तुम्ही म्हणालात, 'अहिंसा परमो धर्मः' एवढंच आपल्याला शिकवलं, पुढचं अर्धं आपल्यापासून लपवलं, आणि मग खिशातून फोन काढून ते पुढचं अर्धं वाचलंत, 'धर्महिंसा तथैव च'. धर्मासाठी केलेली हिंसाही तेवढीच श्रेष्ठ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आईच्या शेजारी चटईवर बसले होते. मला काहीतरी खटकलं होतं, तरी चारचौघांत बाबांची मान खाली जायला नको म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आज डाचतात.

तीनच दिवसांत वाड्यावरच्या ग्रुपमध्ये तोच श्लोक फिरला, खाली 'गुरुजींनी देवळात सांगितलंय' असं लिहून. त्याच्याखाली कुणी लिहिलं की सायकलवरून पाव विकणारा पदेर आपल्या धर्माचा नाही, त्याच्याकडून पाव घेणं बंद करा, पैसा आपल्या माणसांत राहू दे. मग एका सकाळी चार पोरं वळणावर उभी राहिली आणि त्याची सायकल माघारी धाडली. मारलं नाही, शिवीही दिली नाही म्हणे, नुसती आडवी उभी राहिली. त्यानंतर आपल्या वाड्यावर त्याचा भोंगा वाजलेला नाही. चवथीच्या दिवसांत मी घरी होते, तेव्हा आई, तू पहाटे पिशवी घेऊन हमरस्त्यापर्यंत चालत जायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, चालणं बरं असतं. पिशवीत पदेराच्या पोई होत्या, गरम. तू गुडघ्याला हात लावून पायरी चढलीस. बाबा ओसरीवर होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि पेपर उघडला.

बाबा, मी पणजीला आल्यावर एका निवृत्त संस्कृत शिक्षकांकडून महाभारताचे खंड मागून आणले. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती. तुम्ही शाळेत शिकवत असताना तिच्याविषयी आम्हां मुलांना सांगितलेलं मला आठवतं. १९१९ साली पुण्यात काम सुरू झालं, १९६६ला पुरं झालं, काश्मीरपासून केरळापर्यंतची बाराशेहून अधिक हस्तलिखितं समोर ठेवून एकेक शब्द ताडून पाहिला. एखाद्या पोथीत निराळा शब्द किंवा जादा ओळ सापडली तर ती पानाच्या तळाशी नोंदवून ठेवली, टाकून दिली नाही. 'अहिंसा परमो धर्मः' महाभारतात एकदा नव्हे, अनेकदा येतं. अनुशासनपर्वात त्याच्यापुढे अहिंसा हेच मोठं दान, अहिंसा हेच मोठं तप, अशी माळच आहे. पण तुम्ही वाचलेलं ते दुसरं अर्धं त्या आवृत्तीत कुठेच नाही, तळटिपेतही नाही. मग लपवलं कुणी? जे नव्हतंच ते कुणीतरी मागाहून जोडलंय.

एवढंच असतं तर मी फोनवरच सांगितलं असतं. पण शोधता शोधता मी आदिपर्वात अशा जागी पोचले की दोन रात्री नीट झोप लागली नाही. ती गोष्ट इथे सविस्तर लिहिते, कारण मंडपात ती सांगायची राहिली.

रुरू नावाचा ऋषिकुमार. त्याचं प्रमद्वरेशी लग्न ठरलेलं. मैत्रिणींबरोबर खेळताना तिचा पाय निजलेल्या सापावर पडला, तो डसला आणि ती गेली. रुरूने आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत आणलं. तिच्याशी लग्न केलं. पण मनातला राग काही गेला नाही. त्याने पण केला की दिसेल तो साप मारायचा. हातात दांडा घेऊन तो रानोमाळ हिंडू लागला. एक दिवस त्याला एक म्हातारा डुंडुभ पडलेला दिसला. डुंडुभ म्हणजे बिनविषारी साप. त्याने दांडा उगारला, तर तो डुंडुभ बोलला, मी तुझं काय वाकडं केलं? माणसांना डसतात ते साप वेगळे. आणि मग म्हणाला, 'डुण्डुभानहिगन्धेन न त्वं हिंसितुमर्हसि'. अहिगंधाने. सापाचा नुसता वास येतो म्हणून डुंडुभाला मारणं तुला शोभत नाही.

बाबा, हा 'अहिगंध' शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. डोळ्यांपुढे आपल्या पदेराची सायकल आली, मागची टोपली, वर बांधलेलं निळं प्लास्टिक. त्याला आपण कुठल्या वासावरून ओळखलं?

पुढे कळतं की तो डुंडुभ पूर्वी ऋषीच होता. मित्र अग्निहोत्राला बसलेला असताना याने थट्टेत गवताचा साप करून त्याच्यापुढे टाकला. मित्र भीतीने बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर आल्यावर त्याने शाप दिला. रुरू भेटला तेव्हा तो शापातून सुटला, आणि सुटल्यावर त्याने दांडा घेतलेल्या त्या तरुणाला सांगितलं, 'अहिंसा परमो धर्मः सर्वप्राणभृतां स्मृतः'. म्हणजे हे वाक्य आलंय ते अशा तोंडून, ज्याच्यावर नाहक दांडा उगारला गेला होता. आणि ज्याने स्वतः खोटा साप करून दुसऱ्याला घाबरवलं होतं, त्याच तोंडून.

तुम्ही म्हणाल, म्हणजे दुष्टाला शासनच करायचं नाही का. तेही तिथेच लिहिलंय, मी लपवणार नाही. दंड धरणं, उग्र असणं, प्रजेचं रक्षण करणं हा क्षत्रियाचा धर्म, तो तुझा नव्हे, असं तो रुरूला सांगतो. महाभारत काही भाबडं नाही. अठरा दिवसांचं युद्ध त्यात आहे आणि ते टळावं म्हणून श्रीकृष्णाने केलेली शिष्टाईही आहे. पण दंड धरायचा तो ज्याच्यावर सगळ्यांना सांभाळायची जबाबदारी आहे त्याने, आणि अपराध पाहून. वळणावर उभ्या राहिलेल्या चार पोरांच्या हाती तो दंड कुणी दिला? त्यांनी तुमचं नाव सांगितलं, बाबा.

मला तो पाऊस आठवतो. मी तिसरी-चौथीत असेन. कुळागरातल्या पाटाला लाल पाणी आलं होतं आणि पोफळीच्या बुंध्याशी एक साप वळवळत होता. कामाला आलेल्या माणसाने कोयता उचलला. तुम्ही चिखलातून धावत येऊन त्याचं मनगट धरलंत. 'राव रे, दिवड ती!' मग मला जवळ बोलावून तिच्या अंगावरच्या चौकटी दाखवल्यात. म्हणालात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखायला शीक, म्हणजे बाकीच्यांना मारावं लागणार नाही. ती फणफणत होती, चावलीही असती, पण विष नव्हतं. तुम्ही काठीने तिला पाटाच्या पलीकडे सोडलंत. तुमच्या धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. मला आदिपर्वातली ती गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती. तुम्हांलाही ठाऊक होती की नाही, कोण जाणे. पण ती मला तुम्ही त्या दिवशीच शिकवलीत.

तुमचा राग मला कळत नाही असं नाही. दर वर्षी कवळ्याला जाताना तुम्ही सांगता, देवी मूळची केळशीची, सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली तेव्हा रातोरात खाडी ओलांडून तिला अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात आणलं. ते खरं आहे. १५६० ते १८१२ या काळात गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय चाललं, तेही खरं. ते विसरा असं मी म्हणणार नाही. मला एवढंच दिसतं की ज्यांनी ते केलं त्यांच्याही हातात धर्मग्रंथच होता. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, असं सांगणारा. त्यातलं सोयीचं तेवढं उचलून त्यांनी माणसं छळली. आणि आपल्या देवांना आसरा मिळाला तो कुठे? अंत्रुज तेव्हा आदिलशहाच्या मुलखात होता. अहिगंधाने बघितलं तर हा इतिहास सुद्धा नीट वाचता येत नाही. आणि आपली देवी तर शांतादुर्गा. शिव आणि विष्णू यांचं भांडण तिने मध्ये उभं राहून मिटवलं म्हणून तिला हे नाव, असं तुम्हीच मला मांडीवर घेऊन सांगितलंत.

चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, हे पोथी उघडली की आपोआप कळतं असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, पोथी वाचतानाच ती निवड सुरू होते. श्रीकृष्णाने अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला हुकूम दिला नाही, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु' म्हणाला. यातल्या 'अशेषेण'वर तुम्ही एकदा पाऊण तास बोलला होतात. काही शिल्लक न ठेवता विचार कर, आणि मग तुला वाटेल ते कर. अर्ध्यावर थांबून नव्हे. नाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा शेवटी बजावून ठेवलं, यात जो आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नारळाची करवंटी! आपल्या मागीलदारी ढीग असतो तिचा. ती ओवी तुमच्या पोथीच्या शेवटच्या पानावर आहे, तुम्ही तिच्याखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढलेली मी पाहिली आहे. मग महाभारताच्या ताटात ती करवंटी तुमच्या हातून कशी गेली?

याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते आणि ते माझ्याच दाराशी आलं. तुमच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून पोथी तुम्हांला वाचवत नाही. गेल्या पाडव्याला मी तुम्हांला हा फोन आणून दिला, अक्षरं मोठी करून दिली, आणि सांगितलं की आता सगळं यातच वाचा. मोठ्या टायपातली ज्ञानेश्वरी आणते म्हणाले होते, ती आणली नाही. पन्नास वर्षं तुम्ही पोथीसमोर बसलात, आणि मी तुमच्या हातात अशी वस्तू दिली जिच्यात कुणीही काहीही टाकतं आणि खाली व्यासांचं नाव लिहितं. एवढ्यासाठी मला क्षमा करा.

सप्ताहाच्या त्याच सकाळी, तुम्ही बोलण्याच्या आधी, बांद्याच्या सोहिरोबानाथांचं पद म्हटलं गेलं होतं. आई, तू हात जोडून म्हणत होतीस, 'विवेकाची ठरेल ओल, ऐसे की बोलावे बोल, आपुल्या मते उगीच चिखल कालवू नको रे.' मी फक्त चालीकडे लक्ष देत होते. परवा बसमध्ये ते आठवलं आणि पर्वरी येईपर्यंत मी तेच गुणगुणत राहिले.

आता मागणं सांगते. घटस्थापनेला दोन आठवडे आहेत. मखरोत्सवात कीर्तन झाल्यावर एक रात्र गावाकडे पाच मिनिटं मागून घ्या आणि रुरूची गोष्ट सांगा, डुंडुभाच्या शापासकट आणि क्षत्रियाच्या धर्मासकट, पुरती. त्याआधी एवढंच म्हणा की श्रावणात मी जे वाचलं ते महाभारतात नाही, मला ते कुणीतरी पाठवलं होतं आणि मी न तपासता वाचलं. तुमची मान खाली जाईल असं तुम्हांला वाटेल. मलाही श्रावणात तेच वाटलं होतं, म्हणून तर मी गप्प राहिले. पण चाळीस वर्षं तुम्ही पोरांना सांगत आलात की चुकलं ते खोडून पुन्हा लिही. त्या पोरांतली निम्मी आता मंडपात पहिल्या रांगेत बसतात, आणि त्या वळणावरच्या चौघांपैकी दोघांना बाराखडी तुम्हीच शिकवलीत. तुमच्या शब्दावर ती आडवी उभी राहिली, तर तुमच्याच शब्दावर बाजूलाही होतील. दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाहीत.

आणि पदेराला घरी बोलावून माफी वगैरे मागू नका, तो बिचारा अवघडेल. नुसते आईबरोबर सकाळी हमरस्त्यापर्यंत जा. तुम्ही स्वतः पिशवी धरा, तिच्या गुडघ्यालाही बरं. उद्यापासून वाड्यावर ये, एवढंच त्याला सांगा आणि पहिले दोन दिवस वळणावर उभे राहा.

आई, पलीकडच्या बायकडे यंदा चवथीच्या नेवऱ्या गेल्या की नाही ते तू मला सांगितलं नाहीस. गेल्या नसतील तर अजून डब्यात असतील त्या दे. तिच्या परसातली अबोली दर वर्षी आपल्या गणपतीवर बांधलेल्या माटोळीला येते, यंदा ती माटोळीत दिसली नाही.

मी शनिवारी दुपारच्या कदंब बसने फोंड्याला उतरेन. आदिपर्वातली ती पानं मोठ्या अक्षरांत छापून घेतली आहेत आणि या वेळी ज्ञानेश्वरीही आणते आहे, मोठ्या टायपातली, दोन भाग. ओझं होईल म्हणून बाबा, तुम्ही तिठ्यावर याल का? छत्री आणा, परतीचा पाऊस चालू आहे.

तुमची लेक