फिनाईलच्या बाटलीवर नाव लिहा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळेतली फवारणी, रंगकाम आणि साफसफाईची रसायने यांची पालकांना आगाऊ सूचना मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

मी कोपरखैरण्यात राहतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. सॉल्व्हंटच्या पिंपांशी रोजची गाठ. घरी आलो की दारातच शर्ट उतरवून बादलीत टाकतो, हात-तोंड धुतो आणि मग मुलीजवळ जातो. ती आठ वर्षांची आहे, तिसरीत. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. शर्टाचा वास नाकात गेला तरी तिला ठसका लागतो, आणि लागला की लवकर थांबत नाही.

सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं जनुक असतं. त्याची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आली तरच हा आजार होतो; आम्हा नवरा-बायकोला स्वतःला काहीच त्रास नाही. पेशींमधली मीठ-पाण्याची ने-आण बिघडते, त्यामुळे फुप्फुसातला कफ डिंकासारखा चिकट होतो आणि घाम खारट. ती तान्ही असताना कपाळाचा पापा घेतला की ओठाला मीठ लागायचं. आम्हाला त्याची गंमत वाटायची. घामाच्या तपासणीत क्लोराइड ६०च्या वर, म्हणजे आजाराच्या पातळीवर, निघालं तेव्हा ती गंमत संपली.

आता आमच्या घरात पहाटे पावणेपाचला दिवा लागतो. नेब्युलायझरने खाऱ्या पाण्याची वाफ, मग मांडीवर पालथी झोपवून पाठीवर थापट्या, कफ सुटेपर्यंत. डब्याबरोबर एन्झाइमची कॅप्सूल, कारण स्वादुपिंडाचा रस अन्नापर्यंत पोचत नाही. लोणचं मात्र हवं तेवढं, मिठाची तिला गरजच असते. वर्गात त्याचा हेवा होतो म्हणे. एवढं उरकून ती सातच्या शाळेला पोचते, आणि तिथे लादी नुकतीच फिनाईलने पुसलेली असते.

‘ॲलर्जी आहे का हो?’ असं लोक विचारतात. ही ॲलर्जी नव्हे, ॲलर्जीच्या गोळीने हे थांबत नाही. फिनाईल, टॉयलेट क्लीनरचं ॲसिड, रूम फ्रेशनर, ओला रंग, ढेकणांची फवारणी हे सगळं कुणाच्याही श्वासनळीला झोंबतं. तुम्ही-आम्ही दोनदा खोकतो आणि विसरतो. तिच्या नळ्या आकसल्या की कफ आतच अडकतो, आणि अडकलेल्या कफात जंतूंचं फावतं. स्युडोमोनास नावाचा जंतू एकदा तिथे ठाण मांडून बसला की त्याला हुसकावणं फार कठीण जातं.

गेल्या जूनची गोष्ट. सुट्टी संपता संपता शाळेत पेस्ट कंट्रोल झालं, त्याच आठवड्यात वर्गाला ऑइल पेंट लागला. पावसामुळे खिडक्या बंद. आम्हाला कुणी काही कळवलं नाही. कळवायचं असतं हे कुणाला ठाऊकही नव्हतं. ती दुपारी घरी आली ती दप्तर न काढता सोफ्यावर आडवी झाली. तिसऱ्या दिवशी ताप आला आणि पुढचे १४ दिवस रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक. हे रंगामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. तिच्या छातीत जंतू आधीपासून होते, आणि पावसाळा तिला दरवर्षी जडच जातो. पण आदल्या दिवशी चार ओळींचा निरोप आला असता तर तो आठवडा मी तिला घरी ठेवलं असतं.

हे मला फार टोचतं, कारण माझ्या नोकरीच्या जागी असं चालत नाही. १९८४ साली भोपाळ झालं. १९८७ साली कारखाना कायद्यात ४१-ब हे कलम आलं आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात कामगाराला रसायनांची माहिती देणं मालकावर बंधनकारक झालं. आमच्याकडे प्रत्येक पिंपावर नाव असतं, सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाचे धोके लिहिलेला कागद, भिंतीला टांगलेलं असतं. चाळिशीच्या धडधाकट माणसाची एवढी काळजी. माझ्या मुलीच्या शाळेत फिनाईल पाण्याच्या जुन्या बाटलीत असतं, आणि शेजारच्या तसल्याच बाटलीत ॲसिड. संडास धुवायचं ब्लीच आणि हे ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. शाळेच्या संडासात हे कुणी मुद्दाम करत नाही. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ एवढाच साधा हिशेब असतो.

सफाई बंद करा असं मी म्हणत नाही, उलट. ओल आलेली भिंत, बुरशी, तुंबलेलं बेसिन हे आमच्या मुलीला फिनाईलपेक्षाही महागात पडतं. पण लादी शाळा सुटल्यावर पुसली तर रात्रभर वास उडून जातो. रोजच्याला साबणाचं पाणी पुरतं. ब्लीच लागेल तिथे पातळ करून, एकटंच, खिडक्या उघड्या ठेवून.

कायद्याकडे बघायला गेलो तर हाती काही लागत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिस्टिक फायब्रोसिस नाही. २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात आमचं नाव आहे, पण ते धोरण औषधोपचारांचं. वर्गातल्या हवेपर्यंत ते येत नाही. दिव्यांगांच्या यादीत नाव घाला ही मागणी दिल्लीकडे करायची. तुमच्याकडे मागतोय ते एका परिपत्रकात मावेल : फवारणी आणि रंगकाम उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या सुरुवातीला उरकावं, शेवटी नव्हे. कधी आणि कशाने, हे पालकांना दोन दिवस आधी कळवावं. सफाईच्या प्रत्येक बाटलीवर आत काय आहे ते मराठीत लिहावं. आणि अशा मुलाला त्या दिवसांची गैरहजेरी माफ असावी. याला निधी लागत नाही. दम्याच्या मुलांनाही याचा उपयोग होईल, आणि ती तर प्रत्येक वर्गात सापडतात.

रात्री वारा कारखान्यांकडून आला की आम्ही खिडक्या लावून घेतो. त्याबद्दल तक्रार करायला तोंड नाही, त्यातल्याच एका कारखान्यावर आमचं घर चालतं. गणपतीत आमच्याकडे धूप-उदबत्ती नसते, नुसती समई असते. आईने पहिल्या वर्षी अबोला धरला, आता पाहुण्यांना तीच दारात बजावते. घरात जे आमच्या हातात होतं ते करून झालं.

शाळेतही एक गोष्ट झाली आहे. दिवाळीनंतर मी सफाई करणाऱ्या मावशींना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, ‘आधी कुणी बोललंच नाही हो दादा.’ दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्यांवर चिकटपट्टी होती आणि तीवर पेनाने लिहिलेलं होतं : ‘फिनेल. शाळा सुटल्यावर.’ दुसरीवर : ‘ॲसिट. यात काय टाकू नये.’ पण मावशी कंत्राटावर आहेत, मार्चमध्ये त्यांची मुदत संपते. त्याआधी परिपत्रक निघावं, ही विनंती.

आपला,
कोपरखैरण्यातील एक पालक