मुंगसाला हंस चिकटवू नका

संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतली शब्दांची चौकट वाचली. मुंगसाचा इंग्रजी शब्द 'मंगूज' म्हणे 'मन' आणि 'गूज' (इंग्रजीतला हंस, अनेकवचन 'गीज') मिळून झाला, म्हणून त्याचं अनेकवचन 'मंगीज'! आणि हे छापलंय सांगलीच्या अंकात, जिथे बांधावर मुंगूस दिसलं की पोरं 'मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हणायची.

अहो, हे आपलंच मुंगूस. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरचं हिंदुस्थानातलं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं, त्यात ते भेटतं. त्याआधी इंग्रज अशा प्राण्याला 'इक्न्यूमन' म्हणत. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ माग काढणारा. इंग्रजी कोश मूळ मराठी देतात. १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा हिंदुस्थानातल्या इंग्रजी शब्दांचा कोश तेलुगूकडे बोट दाखवतो आणि जतकडचे कानडी लोक 'मुंगुसी' म्हणतात. ते भांडण घरातलं आहे, होऊ दे. पण त्यात गूज कुठून शिरला? कानाला 'गूस' ऐकू आलं आणि ओळखीचं स्पेलिंग लावलं, एवढाच त्याचा संबंध.

आता अनेकवचन. 'गूज'चं 'गीज' होतं कारण तो इंग्रजीचा जुना, घरचा शब्द. फार पूर्वी त्याच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात 'इ' होता. त्या 'इ'ने आधीचा 'ओ' स्वतःकडे ओढून 'ए' केला आणि मग प्रत्यय गळून पडला. 'गोस'चं 'गेस' झालं, त्याचंच पुढे 'गीज'. मुंगूस इंग्रजीत पोचलं तोवर हा खेळ संपून हजारएक वर्षं झाली होती. म्हणून 'मंगूजेस', बाकी काही नाही. नातंच जोडायचं होतं तर 'गूज' आणि आपला 'हंस' यांचं जोडायचं. जर्मनमध्ये अजून 'गान्स' आहे. इंग्रजीत 'स'च्या आधीचा 'न' गळाला. हे खरे चुलतभाऊ, पण चौकटीत त्यांना जागा नाही.

त्याच अंकात बाजारभावाच्या पानावर मथळा: 'जॅगरीची आवक घटली', म्हणजे गुळाची. सांगलीच्या मार्केट यार्डात जॅगरी कोण विकतो? तो शब्द पोर्तुगिजांनी मलबारातून उचलला, मुळात संस्कृत 'शर्करा'. 'शुगर'ही त्याच शर्करेची, फारसी-अरबीतून फिरून गेलेली. दोघी बहिणी परदेशी नांदायला गेल्या. घरी गूळ आहे, त्याला गूळच म्हणा.

मागचं पत्र निम्मं कापून छापलंत. या वेळी जागा कमी पडली तर गुळाचं कापा, मुंगूस तेवढं पूर्ण छापा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली