दातांचा खर्च आणि कस्टमचा खाक्या

महोदय,

दातांचे उपचार का परवडत नाहीत यावरचा कालचा लेख वाचला. सगळं खापर डेंटिस्टवर आणि आमच्यासारख्या मटेरियल डीलरवर. मार्जिन खातात म्हणे. खातो ना, दुकान काय धर्मादाय आहे का, पण माल विमानातून उतरल्यावर त्याचं काय होतं यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही, ती मी लिहितो.

आम्ही परदेशातून सिंथेटिक बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या जागी भरायचं कृत्रिम मटेरियल, मागवतो. अर्ध्या सीसीची बाटली, आत रव्यासारखे पांढरे कण. दात काढल्यावर हाड झिजलं असेल तर डॉक्टर ते कण रक्तात किंवा सलाईनमध्ये भिजवून खड्ड्यात भरतात, वर मेंब्रेनचा पातळ पडदा, टाके, आणि काही महिन्यांनी तिथे इम्प्लांट. आम्ही बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा फॉर्म, भरली 3006 40 या टॅरिफ कोडमध्ये (कोडवरून ड्युटी ठरते), जिथे डेंटल सिमेंट, फिलिंग आणि हाडाचं सिमेंट येतं. कस्टमच्या साहेबांची क्वेरी आली, हे 9021 मध्ये, कृत्रिम दात-अवयवांच्या कोडमध्ये, का नाही? कारण उघड आहे, 9018 ते 9022 मधल्या मालावर 2020 च्या बजेटपासून 5% हेल्थ सेस बसतो, 3006 वर नाही. पेशंटच्या जबड्यात जाणाऱ्या मालावरच हेल्थच्या नावाने सेस, वा!

आम्ही कंपनीचं लिटरेचर ई-संचितवर, कस्टमच्या कागदपत्रांच्या पोर्टलवर, चढवलं. मग प्रश्न, हे घट्ट होतं का, होत नसेल तर सिमेंट कसं? त्याचं उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न, जनावराच्या हाडाचं आहे का? म्हणजे मग 3001, जनावरांच्या अवयवांपासून केलेल्या औषधी मालाचा कोड. अहो बाटलीवर सिंथेटिक छापलंय! पण फेसलेस असेसमेंटमुळे, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन तपासणी होत असल्यामुळे, साहेब बसलेत भलत्याच शहरात, त्यांना बाटली दाखवणार कशी, हलवून आवाज ऐकवणार कसा. इकडे माल पडून राहिल्याच्या भाड्याचं, डेमरेजचं मीटर चालू आणि डॉक्टरांचे फोन, पेशंट उद्या खुर्चीवर आहे, माल कुठाय. आमचा सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, म्हणाला, शेठ, वाढीव पैसे अंडर प्रोटेस्ट, हरकत नोंदवून भरा आणि माल सोडवा. भरले. आणि गंमत म्हणजे पुढच्या खेपेला तीच कंपनी, तोच माल, तोच कोड, एकही क्वेरी न येता आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल मोकळा! आता मी कुठल्या हिशेबाने दर लावायचा ते तुमच्या लेखकानेच सांगावं.

अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे माल कुठल्या कोडमध्ये बसतो त्याचा आधीच अधिकृत निर्णय, घ्या असा सल्ला देणारे भेटतात. वर्षातून चार खोकी मागवणाऱ्याने वकील लावायचा का? सीबीआयसीने, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय बोर्डाने, सिंथेटिक ग्राफ्ट कुठे बसतो ते एका सर्क्युलरमध्ये स्पष्ट लिहून टाकावं, दर कितीही असो, तो एकच असू दे, म्हणजे डॉक्टरला आणि पेशंटला आधी सांगता तरी येईल. तसं बघाल तर 3407 मध्ये डेंटल वॅक्स आणि मुलांच्या खेळायची मॉडेलिंग पेस्ट एकाच ओळीत आहेत, तिथे कोणाच्या पोटात दुखत नाही.

लेखकाबद्दल वैयक्तिक राग नाही, भाषा चांगली आहे त्यांची. पण लेखासोबत फोटो छापलाय तो चक्क बांधकामाच्या सिमेंटच्या गोणीचा, हे कोणाच्या डोक्यातून आलं? आणि हल्ली पहिली दोन पानं नुसती जाहिराती, बातमी शोधायला तिसऱ्या पानावर जावं लागतं, त्याचंही काहीतरी बघा.

आपला,
एक डेंटल मटेरियल डीलर, पुणे