एमसीबी माणसाला वाचवत नाही!

मा. संपादक, स. न.

कालच्या अंकातला पावसाळ्यातल्या वीजसुरक्षेवरचा लेख वाचला. ‘चांगल्या प्रतीचा एमसीबी बसवा आणि निर्धास्त राहा’ हा सल्ला वाचून लेखकमहाशयांना कोपरापासून नमस्कार करावासा वाटला. अहो, एमसीबी म्हणजे ठरावीकपेक्षा जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच; तो असतो वायर जळू नये म्हणून. 16 अँपिअरच्या एमसीबीला 16 अँपिअरच्या आत काही खुपतच नाही, आणि माणसाच्या छातीतून 30 मिलिअँपिअरच्या (म्हणजे अवघ्या 0.03 अँपिअरच्या) वर करंट गेला तर जिवावर बेतू शकतं.

आमच्या सोसायटीच्या गेटावरची वॉचमनची केबिन पत्र्याची आहे. तिला वीज जाते मीटर रूममधून, जांभळाच्या फांदीवरून टाकलेल्या दोन तारांच्या वायरने. अर्थिंगची तिसरी तारच नाही. मध्ये एक जोड, त्याला काळी टेप. गेल्या पावसाळ्यात या लाइनवरचा ईएलसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडायला लागला. जोडात पाणी शिरलं होतं, म्हणजे तो बिचारा आपलं काम चोख करत होता. वायरमनने काय करावं? जोड सोडला तसाच आणि ईएलसीबी काढून लाइन डायरेक्ट केली! कमिटी खूश, कारण केबिनमधला दिवा जायचा बंद झाला. त्याच आठवड्यात वॉचमनकाकांनी दाराच्या कडीला हात लावला आणि मागे फेकले गेले. पायात रबरी चपला होत्या म्हणून निभावलं.

यावर उपाय म्हणून केबिनशेजारी एक लोखंडी सळई ठोकून ‘अर्थिंग’ झालं. तिचा रोध 10 ओहम जरी धरला (मुरमाड जमिनीत एवढा कमीही मिळणार नाही), तरी 230 व्होल्टला 23 अँपिअर जातील. मीटर रूममधला एमसीबी 32 अँपिअरचा. तो ढिम्म बसून राहणार आणि पत्र्यात करंट तसाच खेळणार. अशा वेळी 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबीच कामाला येतो, कारण गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. कंपाउंडातली केबिन असो, पंपघर असो, त्याला अर्थच्या तारेसह आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल आणि हा ईएलसीबी एवढं तरी हवंच.

सर्वसाधारण सभेत हा मुद्दा मी लेखी दिला होता. तो गेला ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां’त. त्याआधी इमारतीला पिस्ता रंग की क्रीम, यावर दीड तास काथ्याकूट झाला. मग परवानगी द्यायला अध्यक्षच जागेवर नव्हते.

आपल्यालाही एक विचारायचं आहे. शॉक लागून कुणी गेलं की आतल्या पानावर चार ओळी येतात. त्या लाइनवर ईएलसीबी होता की नव्हता, हे आपला वार्ताहर कधी विचारतो का? जागा नसेल, तर पहिल्या पानाआधीची बिल्डरांची दोन पानं आहेतच की.

– एक सभासद, मुलुंड (पूर्व)