पितृपक्षातली तिकिटं

ती. आई-बाबा,
सा. न.

पत्र आलं म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर आमच्या हनीमूनचा विषय काढला की बाबा "बघू" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, समोरच्या काकूंना वाचून दाखवायचं नाही.

तिकिटं काढली आहेत. अनंत चतुर्दशी झाली की निघतोय, ग्रीसला, नाक्सोस नावाच्या बेटावर. हो आई, पितृपक्षात. तुझा चेहरा मला इथून दिसतोय. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी म्हणून उत्तरेकडचा वारा सुटतो, समुद्र खवळला की बोटी बंदरातच अडकतात, वर गर्दी आणि चढे भाव. ऑक्टोबर सरत आला की हॉटेलं कुलूप लावायला लागतात. सप्टेंबरच्या शेवटी पाणी अजून कोमट असतं, माणसं कमी झालेली असतात, आणि तुमच्या जावयांना सुट्टीही तेव्हाच मिळतेय. हिवाळ्यात जायचं राहिलं ते बाबांच्या अँजिओप्लास्टीमुळे राहिलं, असं मनातसुद्धा आणू नका. तेव्हा मला कुठे जायचंच नव्हतं.

आजीची नवमी मी नसताना येतेय, हे मात्र मलाही लागलंय. गुरुजींशी बोलून ठेवलंय. स्वयंपाकाला डब्याच्या मावशी येतील, वडे आणि खीर त्याच करतील, तू फक्त पानं वाढताना उभी राहा. सवाष्ण म्हणून धाकटी काकू येणार आहे. ती स्वतःहून हो म्हणालीय, तेव्हा त्या दिवशी मागचं काही काढायचं नाही. दोघांनीही. आणि "पोरीला एकदा आगबोटीत बसवा रे" हे आजीच म्हणायची की नाही? बसतेय तर तिला बरंच वाटेल.

देवीचं राहिलंय असंही नाही. कार्ल्याला जाऊन एकवीरेची ओटी भरून आलो, पायऱ्या चढून. बाबा, तिथल्या चैत्यात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दान दिल्याचे लेख आहेत, ते तुम्हीच मला लहानपणी बोटाने दाखवले होते. तेव्हा तिकडची माणसं आपल्या डोंगरात येऊन गेली, आता आम्ही तिकडे जातोय. (ते सगळे ग्रीकच होते का यावर वाद आहे, हे तुम्ही म्हणणारच. म्हणा.)

आता भूकंप. टीव्हीवर तुम्ही पाहिलंत ते सँटोरिनी. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनी आणि अमोर्गोसच्या मधल्या समुद्रात एकामागून एक धक्के बसत होते, शाळा बंद ठेवल्या, अकरा हजारांवर लोक बेट सोडून गेले. नंतर ते शांत झालं. बाबांनी तिथल्याच 1956 च्या भूकंपाचं पाठवलेलं तेही मी वाचलं. सँटोरिनी म्हणजे एका फुटलेल्या ज्वालामुखीचा काठ आहे. तिथे आम्ही जात नाही. एक तर भूकंपाच्या नावाने तुमची झोप जाईल, दुसरं म्हणजे कड्यावरच्या त्या पांढऱ्या खोल्यांचं भाडं ऐकून माझी जाईल. नाक्सोस तिथून उत्तरेला, संगमरवराच्या खाणींचं बेट आहे. त्या भागात जमीन कधीच हलत नाही असं मी लिहिणार नाही. पण कोयनेच्या भूकंपाच्या वेळी आजोबा बदलीवर कऱ्हाडला होते आणि तुम्ही सगळे रस्त्यावर झोपलात, ती गोष्ट तुम्ही मला हसत हसतच सांगायचात ना?

बंदराच्या तोंडाशी एक दरवाजा आहे, तो खास तुमच्यासाठी बघून येणार आहे. नुसता दरवाजा, आगापिछा काही नाही. इसवी सनापूर्वी 530 च्या सुमारास लिग्डामिस नावाच्या सत्ताधीशाने अपोलोचं देऊळ बांधायला काढलं, त्याची सत्ता गेली आणि काम राहिलं ते राहिलंच. पुढे व्हेनिसवाले आले, त्यांनी गावातल्या किल्ल्यासाठी देवळाचे दगड उचलून नेले. ही चौकट तेवढी राहिली, सहा मीटर उंच, अखंड संगमरवराच्या तुळयांची. साहेब बदलला की साइट बोंबलते, हे तुम्ही बांधकाम खात्यात असताना रोज घरी येऊन सांगायचात. अडीच हजार वर्षांपूर्वीही तेच. उत्तरेला अपोलोनासच्या खाणीत दहा मीटरहून लांब एक पुतळा अर्धवट घडवून तसाच आडवा टाकलेला आहे, त्याचेही फोटो पाठवीन, माप घ्यायला शेजारी जावयांना उभं करून.

आणि तुम्ही शोधाशोध करणार, म्हणून आधीच सांगते. ग्रीक पुराणातला थिसियस आपल्या प्रेयसीला, आरिआद्नीला, झोपेत टाकून बोटीत बसून पळून गेला, ते हेच बेट. लगेच जावयांना फोन करू नका. पुढे तिचं लग्न एका देवाशी झालं आणि छान झालं. पहिलं मोडलं म्हणून बाईचं सगळं संपत नाही, हे आपल्या घरात मी वेगळं सांगायला नको. "या वयात कसला हनीमून" म्हणणाऱ्यांना आई तू परवा जे उत्तर दिलंस ते मला कळलंय. कोणाकडून ते विचारू नकोस.

जेवणाची काळजी नको. जावई माशाला हात लावत नाहीत हे तुझं मोठं दुःख, पण तिथे त्यांची सोय माझ्याहून चांगली आहे. ग्रीक लोकांचे उपवासाचे दिवस पुष्कळ, त्यात मांस, दूध, अंडी चालत नाहीत, त्यामुळे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, भात भरलेले टोमॅटो, पांढरे घेवडे, मऊ पिवळी डाळ असं सगळं सहज मिळतं. नाक्सोसचा बटाटा तर ग्रीसभर नावाजलेला. मी मासे खाणार. ऑक्टोपस तिथे दोरीवर वाळत घालतात, आपल्याकडच्या बोंबलांसारखे. बाबा, महाळुंगाच्या पानांपासून तिथे एक दारू काढतात, कित्रॉन. वास घेऊन बघीन, फक्त वास.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटीने पाच-साडेपाच तास लागतात. ती आपली रेवसची लाँच नाही हं, पोटात ट्रक आणि गाड्या घेऊन जाणारं मोठं जहाज असतं. तरी आवळासुपारी बरोबर घेतेय. रेवसला जाताना मी बाबांच्या नव्या शर्टावर ओकले होते, आणि बाबा ओल्या शर्टानेच मला मांडीवर घेऊन भाऊच्या धक्क्याकडे बघत बसले होते. तेव्हा ओरडला का नाहीत हो? मी वाट बघत होते.

व्हिसासाठी तीस हजार युरोचा विमा काढावाच लागतो, तो काढलाय. बेटावर सरकारी दवाखाना आहे. तुमचे रात्रीचे साडेआठ वाजले की तिकडे सहा वाजलेले असतील, फोन तेव्हा करीन. नाही आला तर बोटीत असेन, लगेच मावशीला उठवू नका.

आता तुमचं. वारांच्या कप्प्यांची डबी भरून ठेवून जाईन. रक्त पातळ करायची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, बाबा. वडाळे तलावाला एकच फेरी, उजाडल्यावर, आणि मोबाइल खिशात, चार्जिंगला घरी नाही. छातीत जरा जरी दुखलं तरी गॅस म्हणून ओवा चावत बसायचं नाही, 108 लावायचा, मग मला नाही, समोरच्या काकूंना हाक मारायची. आई, माळ्यावरची पातेली काढायला स्टुलावर चढलीस तर मी तिथून परत येईन, खरंच येईन. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला माणूस शनिवारी येतोय, त्याला परत पाठवू नका. पैसे दिलेत.

पुढच्या वर्षी आपण चौघे जाऊ, असं लिहिणार होते. तुम्ही "आता कुठे" म्हणाल. आधी दांडा बसू दे, मग बोलू.

तुमची,
ठमी

ता. क. आई, दूध-तुपाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत, तेव्हा साजूक तुपाची बरणी माझ्या बॅगेत लपवू नकोस. शेंगदाण्याची चटणी दे. जावयांना तिखट नको.