वावडं तंत्रज्ञानाचं नाही, संपादक महाशय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला शिक्षक आणि तंत्रज्ञान यावरचा लेख वाचला. सकाळी चहाबरोबर पेपर वाचायची चैन आमची कधीच गेली, त्यामुळे रात्री जेवणं उरकल्यावर वाचला. झोप उडाली, त्याबद्दल लेखकांचे आभार. प्राथमिक शिक्षकांना तंत्रज्ञानाचं वावडं आहे आणि ते बदलायला तयार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. अभ्यास दांडगा असणार, शंका नाही. फक्त जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शेवटचे कधी आले होते, तेवढं छापायचं राहिलं.

शाळेत दिवा लागत नव्हता तेव्हा आम्ही एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा पास झालो. कारण प्रमाणपत्राशिवाय वेतनवाढ नव्हती. २०१५ ला 'सरल' आलं, म्हणजे शाळेची आणि मुलांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल, ते भरलं. मग शाळेच्या मूल्यमापनाची शाळासिद्धी, ऑनलाइन धड्यांची दीक्षा, शिक्षक-प्रशिक्षणाची निष्ठा, शाळांच्या आकडेवारीचं यू-डायस प्लस, आता मुलांच्या ओळख क्रमांकाचं अपार. हजेरी चॅटबॉटवर, आणि तीच हजेरी कागदी हजेरीपत्रकावरही, कारण तपासणीला आलेले साहेब हजेरीपत्रकच मागतात. आमच्या शाळेत रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी. रोज सकाळी तिथे हात वर करून उभी असलेली बाई दिसली तर ती नवस फेडत नसते, हजेरी पाठवत असते. ज्यांना वावडं आहे त्यांनी हे सगळं कसं केलं, ते लेखकांनीच सांगावं.

२०१६ च्या शेवटी निघालेला तो आदेश आठवत असेल. दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करायचे, त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि 'सरल'वर चढवायचा. राज्यभर ओरड झाली तेव्हा तो गुंडाळला. पण त्यामागचा विचार काही गुंडाळला गेला नाही. हात धुण्याचा फोटो, खिचडीचा फोटो, झाड लावल्याचा, प्रभातफेरीचा, शपथेचा फोटो. खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश हवेत. ज्याचा फोटो नाही ते झालंच नाही.

फोन माझा, हप्ते मी भरले, रिचार्ज माझा. त्याच फोनवर मी वर्गातल्या प्रत्येक मुलाचं वाचन रेकॉर्ड करून ठेवायचे. जुलैत एकदा आणि परीक्षेआधी एकदा. दोन्ही लागोपाठ ऐकवायचे. जुलैत 'क-म-ळ' असं अक्षरागणिक अडखळणारा पोरगा मार्चमध्ये सरळ वाक्य वाचतो आणि स्वतःचाच आवाज ऐकून तोंडावर हात ठेवून हसतो. कोणत्याही चाचणीच्या गुणपत्रकातून पालकांना जे कळत नाही, ते त्यात कळतं. हे करायला मला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. मागच्या वर्षी फोनमधली जागा भरली. ॲप उघडेना, माहिती जाईना आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप समूहावर सारखं 'आपली शाळा प्रलंबित' येत राहिलं. फोटो पुरावे म्हणून ठेवायचे होते, ते पुसता येत नव्हते. मग पोरांचे आवाज पुसले. घरच्या लग्नातले व्हिडिओ आधीच गेले होते.

आता खरी तक्रार सांगते. गेल्या हंगामात माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. आईबाप दिवाळीनंतर टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला, ही गावात आजीजवळ. पोरगी एक दिवस गैरहजर नाही, वाचन फर्मास. पण पोर्टलवर तिच्या नावापुढे आधार अवैध, जन्मतारीख जुळत नाही. आमच्याकडे आधार कार्डावर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवतात त्या संचमान्यतेत आधार वैध नसलेलं मूल धरत नाहीत. म्हणजे माझ्यासमोर मांडी घालून बसलेली मुलगी हिशेबात नाही. तिच्यासारख्या आणखी दोघाचौघांची भर पडली की शाळेतलं एक पदच जायचं.

कार्डावर नेमकी काय तारीख आहे ते बघायचं होतं. मूळ कार्ड आईनं पेटीत घालून फडावर नेलेलं. ऑनलाइन काढायचं तर ओटीपी बापाच्या फोनवर जाणार. बापाचा फोन दिवसभर बंद, कारण कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वीज नाही. रात्री गाडी खाली करायला कारखान्यावर नंबर लावला की तिथल्या टपरीवर चार्जिंगला लावायचा. म्हणून आमचा कार्यक्रम रात्री दहाच्या पुढे. इकडे ओट्यावर लॅपटॉप उघडून मी, एका हातानं विरजण लावतेय. तिकडे ट्रॅक्टरच्या आवाजात तो बिचारा ओरडतोय.

"मॅडम, लई मेसेज आलेत, कोणता सांगू?"

म्हटलं, सगळ्यात वरचा. त्यानं रिचार्जच्या ऑफरचा वाचला. बोलता बोलता मेसेज उघडायला त्याला जमत नव्हतं. मग फोन ठेवायचा, टोळीतलं शिकलेलं पोरगं शोधायचं, त्याच्याकडून आकडे तळहातावर लिहून घ्यायचे आणि मला परत फोन लावायचा. तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा नवा मागवला, तर त्याचा बॅलन्स संपला. शेवटी मुकादमाच्या फोनवरून आकडे आले आणि कार्ड उघडलं. तारीख आधारवरच चुकलेली. ती दुरुस्त करायची तर तालुक्याच्या केंद्रावर जायचं, सोबत आई किंवा बाप हवा. ते येणार कारखाना बंद झाल्यावर, पाडव्याच्या आगेमागे.

दुसऱ्या दिवशी समूहावर निरोप: आधार प्रलंबित असलेल्या शाळांनी आजच खुलासा सादर करावा. मी लिहिलं, पालक ऊसतोडीसाठी परराज्यात आहेत. उत्तर आलं, सदर कारण ग्राह्य धरले जाणार नाही. खाली तिघा-चौघांनी हात जोडले होते. ते माझ्यासाठी होते की साहेबांसाठी, कळलं नाही.

यात माझं तंत्रज्ञानाचं अज्ञान नेमकं कुठे आडवं आलं? संगणक तर संगणकाच्या जागी ठीकच होता. ऊसतोडीचा हंगाम मार्चपर्यंत चालतो आणि प्रपत्राची मुदत आज पाच वाजता संपते. या दोन वेळापत्रकांची कधी गाठ पडलेली नाही, आणि ती घालून देणं माझ्या हातात नाही. तरी खुलासा मात्र मी द्यायचा!

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. पण लिंक भरणं हे शैक्षणिक काम आहे, असं आम्हाला एका प्रशिक्षणात समजावून सांगण्यात आलं. प्रशिक्षण अर्थात ऑनलाइन होतं, आणि त्याच्या अभिप्रायाचीही लिंक होती. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यांनीही 'निरंक' असं भरून पाठवायचं होतं.

घरची गोष्ट लेखकांनी 'कौटुंबिक वेळेचं नियोजन' अशा तीन शब्दांत उरकली आहे. माझा मुलगा सहावीत आहे. त्याच्या शाळेचा गृहपाठ ॲपवर येतो, आणि त्याच वेळी माझ्या समूहावर 'अतितातडीचे' येतं. घरात चांगला चालणारा फोन एकच. तेव्हा रोज संध्याकाळी मायलेकरांत ओढाताण. पालकसभेत मात्र मुलांना मोबाइलपासून लांब ठेवा, हे मीच सांगायचं. मिस्टर बँकेत आहेत. ते म्हणतात, आमच्याकडे काउंटर बंद झालं की झालं. त्यांना मी जेवायला वाढते आणि गप्प बसते.

लेखात परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं उदाहरण आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याचा अभिमान आम्हालाही आहे, आणि शहापूरच्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचाही. ती शाळा पाहूनच आमच्या गावानं लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणला होता. पोरांनी त्यावर ज्वालामुखी पाहिला आणि आठवडाभर मैदानात मातीचे ज्वालामुखी केले. पुढे बिल थकलं, वीज तोडली. प्रोजेक्टर कपाटात आहे. त्याची नोंद शाळेच्या सामानाच्या जडसंग्रह वहीत आहे आणि पोर्टलवर 'डिजिटल वर्गखोली: होय' आहे. पण ही उदाहरणं बघा नीट. ती शिक्षकाला स्वतःला सुचलेली आहेत. त्यांना कुणी 'आजच पाचपर्यंत' असं सांगितलं नव्हतं. लेखकांनी तेवढं पाहिलं असतं तर त्यांचाच लेख उलटा झाला असता.

आता विषय निघालाच आहे म्हणून आपल्या पेपरबद्दलही. रविवारी आपलं मुलांचं पान यायचं. गोष्ट, कोडं, एखादं चित्र. मी ते कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि वर्गात दोरीला लावायचे. मधल्या सुट्टीत मुलं त्याखाली गर्दी करायची, वाचता न येणारी चित्र बघायची. काही महिन्यांपासून गोष्ट अर्धी छापता आणि खाली चौकोन देऊन 'पुढे वाचण्यासाठी स्कॅन करा' म्हणता. स्कॅन केलं तर आधी नोंदणी करा, मग नंबर टाका, मग ओटीपी. परवा कोल्ह्याच्या गोष्टीत कोल्हा विहिरीत पडतो तिथे चौकोन होता. मुलं चार दिवस विचारत होती, बाई, तो बाहेर निघाला का? शेवटी मीच मनानं रचून सांगितलं. पेपरचे पैसे पूर्ण घेता, तर मुलांची गोष्टही पूर्ण छापा. एवढी विनंती.

कळावे,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड

ता. क. नाव आणि गाव छापू नये. पत्र छापून आलं की त्याचा फोटो समूहावर येणार आणि खुलासा मागणार. जिल्हा छापला तर चालेल.