माळवद उतरवण्याआधी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी बार्शी तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गावोगावची पाडायला निघालेली जुनी घरं उतरवून आपल्या राज्यातही त्यांचं संग्रहालय व्हावं, हे मागायला लिहिते आहे. यंदा जानेवारीत लेकीकडे चेन्नईला गेले होते, तेव्हा तिनं मला मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र हे जुन्या घरांचं संग्रहालय दाखवलं. समुद्राकाठच्या रस्त्यालगत दहा एकरांत तामिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रातली अठरा जुनी घरं उभी आहेत. त्यातली कितीतरी घरं मूळ गावी पाडायलाच निघाली होती. ती खांबाखांबानं उतरवून इथं आणली आणि पुन्हा उभी केली. डेबोरा थियागराजन यांच्या पुढाकारानं मद्रास क्राफ्ट फाउंडेशननं हे काम केलं, आखणीत वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांचा हात होता, आणि १९९६ साली ते लोकांसाठी खुलं झालं.

तिथल्या एका घरात मी तासभर बसले. ते इरकलच्या विणकराचं घर. माझी आजी जन्मभर इरकल लुगडं नेसली. त्याच लुगड्याच्या पदराखाली मी वाढले. पण लुगड्याच्या अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, पदराचा ताणा फासाफासानं जोडतात, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. समोर माग होता आणि मागावर माणूस बसला होता, म्हणून कळलं. मी खुणेनं विचारलं, त्यानं हात थांबवून दाखवलं. एवढंच. पण हे मला काचेच्या कपाटातल्या लुगड्यानं कधी सांगितलं नसतं.

परतीच्या गाडीत मला सारखं आमचं घर आठवत होतं. नऊ खणांचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर. दारात बसायची ढेळज, आत सोपा, भिंतीत धान्याची बळदं. छतातल्या साण्यातून, म्हणजे उजेडाच्या झरोक्यातून, पडणारा उन्हाचा चौकोन बघून आजी वेळ सांगायची. दरवर्षी मिरगाआधी वर पांढरी माती पडायची आणि आम्ही पोरं ती तुडवायचो. वाटण्या झाल्या, घर पाडायचं ठरलं. दोन दिवसांत तुळया, खांब, चौकटी ट्रकमध्ये चढल्या. एकही खिळा न मारता कुसवात कुसू, म्हणजे खाचेत लाकडाचं टोक, बसवून केलेले सांधे होते ते, करवतीनं कापून मोकळे केले. त्या लाकडाचं पुढं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. पैसे घेतले आणि स्लॅब टाकला. चूक आमचीच. पण त्या दिवशी दाराशी येऊन ‘थांबा, हे आम्ही नेतो’ म्हणणारं कुणी असतं, तर माझ्या वडिलांनी ते घर फुकट दिलं असतं.

असं म्हणणारं कुणी नाही, म्हणून हे पत्र.

राज्य संरक्षित स्मारकांची यादी किल्ल्यांसाठी, लेण्यांसाठी, मंदिरांसाठी आहे, आणि ती हवीच. कोष्ट्याच्या, कुंभाराच्या, कुणब्याच्या घराला मात्र कुठली यादी नाही. घर उचलून नेणं आपल्याला जमत नाही असंही नाही. कोथरूडचा मस्तानी महाल पुण्याच्या केळकर संग्रहालयात नेऊन उभा केला आहेच. जे मस्तानीच्या महालासाठी झालं ते कुंभाराच्या घरासाठी का होऊ नये?

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर मी तीनदा शाळेची सहल नेली आहे. तिथलं ग्रामजीवनाचं शिल्पसंग्रहालय पाहून पोरं हरखून जातात, मीही हरखले. पण दर वेळी लोहाराच्या पुतळ्यापुढं कुणीतरी विचारतंच, ‘बाई, भाता कसा चालतो?’ मी तोंडी सांगायची. भाता ओढणाऱ्या माणसानं ते सांगायला हवं, आणि पोरांच्या हातात दोरी द्यायला हवी.

आपल्या संग्रहालयात अशा माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा लागेल. महोत्सवाला चार दिवस बोलावून, मानधन आणि शाल-श्रीफळ देऊन भागणार नाही. माझ्या मते जागा आणि इमारतींपेक्षा हा पगार महत्त्वाचा आहे, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री यालाच लागेल अशी मला भीती वाटते. कुंभाराच्या मुलानं चाक सोडलं ते आळसानं नाही, पोट भरेना म्हणून. भोपाळच्या मानव संग्रहालयात आदिवासींची घरं त्या त्या समाजाच्या लोकांनीच येऊन बांधली आहेत. आपल्याकडंही वारल्याची झोपडी वारल्यानंच बांधावी, ठेकेदारानं नव्हे.

आणि गाव दाखवायचं तर सगळं दाखवावं. नुसता देशमुखांचा वाडा आणि तुळशीवृंदावन नको. गावकुसाबाहेरचं घर हवं, आणि विहिरीवर कुणाला पाणी भरता येत नव्हतं हेही तिथंच सांगायला हवं. बलुतं म्हणजे नुसता गोडवा नव्हता, ज्यांच्या आजा-पणजानं ते भोगलं त्यांच्या तोंडून हे पोरांनी ऐकलं पाहिजे.

माळवदाचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा आमच्या घराच्या भिंतीलाही चीर गेली. तिकडं हजारो माणसं याच दगडमातीच्या भिंतींखाली आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्याखाली गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची लोकांना धास्ती वाटू लागली, ती खोटी नव्हती. उन्हाळ्यात गार ठेवणारं हेच छत जीवघेणं का ठरलं, भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारं काय कमी पडलं, हे खऱ्या माळवदाखाली उभं राहून समजावता येतं. त्यासाठी आधी एखादं माळवद शिल्लक राहायला हवं.

म्हणून मागते ते असं. पाडायला निघालेल्या घराची खबर ग्रामपंचायतीनं तालुक्याला द्यावी. तिथून जुना सुतार, गवंडी आणि मोजमाप घेणारा माणूस यांचं पथक यावं. लाकडावर आकडे घालून, नकाशा काढून घर उतरवावं आणि कोरड्या गोदामात ठेवावं. संग्रहालयाची जागा ठरायला पाच वर्षं लागली तरी चालेल, तुळया थांबतील. कुसवाचा सांधा न कापता सोडवता येणारे सुतार मात्र आमच्या भागात आता दोघेच उरलेत, आणि दोघंही सत्तरीपुढचे.

आमच्या गावात अजून एक माळवद उभं आहे, बारा खणांचं. ढेळज शाबूत आहे, बळदं शाबूत आहेत. लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला. मालकांशी मी बोलले, ते मिरगापर्यंत थांबायला तयार आहेत. दोन्ही सुतारांनाही विचारून ठेवलंय. तुमचा माणूस पाठवा, मी स्टँडवर घ्यायला येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर